मारबत जे नेत नाही

इंदू, काल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत गेली, गावाची ईडापीडा घेऊन. पिवळी गेली, काळी गेली, मागून बडग्यांचे सगळे पुतळे गेले, आणि ओरडून ओरडून घसा बसलेली पोरं पाय ओढत घरी आली. तुझ्याशिवायची ही पहिली मारबत. मी ठरवलं होतं, दार लावून आत बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पण मी कसली गप्प बसते! आणि आज तर तुझ्या ओट्यावर असं काही घडलं की ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. दिवेलागण झाली आहे, भाताचं पातेलं उतरवून ठेवलं आहे, घरची माणसं जेवणाची वाट बघताहेत. बघू देत. आधी तू.

पण मला सरळ सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! आजचं सांगायचं तर आधी तू गेलीस तिथून सुरुवात करायला हवी.

श्रावण नुकताच लागला होता. सकाळचं फिरून आलीस, चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्यावर येऊन टेकलीस. मी समोरच्या माझ्या दारातून बघत होते. भिंतीला डोकं लावून बसलेली दिसलीस तेव्हा म्हटलं, रस्त्याने जाणाऱ्या कुणाची तरी चाल बघून बाई रोग ओळखते आहे. म्हणून हाकही मारली नाही. भांडं करपल्याचा वास आला तेव्हा धावले. तुझा हात अजून कोमट होता.

मग भेटायला बायका यायला लागल्या. शेजारची कमलाबाई माझ्या बाजूला बसली, पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय कामाचं झालं वं विमल तिचं अळणी खाणं? जन्मभर लोणच्याले शिवली नाही, गोळ्या खाऊन राहिली, रोज सकाळी पायपीट करून राहिली. अन् शेवटी गेलीच ना बापासारखी, बसल्या बसल्या!"

बायका माना डोलवायला लागल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण कोपऱ्यात मुंडण करून बसलेला तुझा अरुण मान वर करून म्हणाला, "कमलाकाकू खोटं नाही बोलून राहिली. आईनं सारं केलं ना? मंग माह्या मागं कायले लागत होती, तपास तपास म्हणून? व्हायचं ते होतेच."

असा संताप आला मला, इंदू! तुझं पोरगं आहे म्हणून हात आवरला. तुझ्या माहेरी पुरुष म्हातारे होत नसत, हे त्याला माहीत नाही का? तुझे वडील चाळिशी ओलांडतात न ओलांडतात तोच भरल्या ताटावर कोसळले. थोरले दादा तसेच गेले, मधल्या दादांनी तर तेवढीही वाट पाहिली नाही. अरुण आता त्याच वयाच्या उंबरठ्यावर आलाय. वाडीच्या गोडाऊनमध्ये दिवसभर ट्रक भरून घेतो, डब्यात लोणच्याच्या दोन फोडी नसल्या तर त्याला जेवण जात नाही, आणि वर गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. साऱ्या गल्लीचं ब्लडप्रेशर मोजणाऱ्या बाईच्या पोराने आजवर एकदाही दंडाला पट्टा बांधू दिला नव्हता! तू हसून सोडून द्यायचीस, पण रात्री माझ्यापाशी येऊन बसायचीस तेव्हा तुझं हसू कुठं जायचं ते मी पाहिलंय. म्हणजे तू गेलीस ती गेलीसच, वर तुझ्या जाण्याचा दाखला देऊन तुझंच पोरगं बेफिकीर होऊन बसलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, ह्याला पट्टा बांधला तरच मी खरी तुझी मैत्रीण.

आता जरा थांब, मला तुझी थट्टा करू दे. किती दिवसांत केली नाही.

लोकांच्या बायका घरी येताना भाजी आणतात, तू शाळेतून येताना रोग आणायचीस. पोरींना आरोग्यशास्त्र शिकवून आलीस की चपला काढायच्या आधी माझ्या दारात. "विमल, आज रातांधळेपणा शिकवला. काय मजेदार रोग आहे वं!" मी म्हणायचे, अगं बाई, रोग कधी मजेदार असतो का? तर तू तिथंच बैठक मारायचीस, मी तांदूळ निवडतेय तर सुपातले दाणे वेगळे करून मला समजावायचीस. रोगाचं कूळ कळलं की अर्धं काम झालं, असं तुझं म्हणणं. काही बाहेरून येतात, पाण्यातून, माशीच्या पायांवरून, खोकल्यातून, डासाच्या सोंडेतून. त्यांची वाट बंद करायची. काही ताटात उणं पडल्याने होतात. तिथं नुसती भाजी वाढली, हिरवा पाला, गाजर, गूळ-शेंगदाणे, तरी माणूस उभा राहतो. काही आपणच सुपारी देऊन बोलावतो. आणि काही आईबापांकडून येतात, दागिन्यांसारखे, फक्त मोडीत काढता येत नाहीत. हे शेवटचं सांगताना तू मोठ्याने हसायचीस, आणि मला तुझे वडील आठवायचे.

भांडलो किती! सासूबाईंना साखरेचा आजार निघाला तेव्हा मी म्हटलं, हा वारशाचा, त्यांच्या आईलाही होता. तू म्हणालीस, ताटातला, दुपारी भात खाऊन झोपतात म्हणून. मग स्वतःच स्वतःला खोडून काढलंस, "दोन्ही गं, दोन्ही. बी मायबापाचं, खतपाणी आपलं. बी बदलता येत नाही, खत तं कमी टाकता येते!" आणि आनंदाने टाळी घेतलीस. पण चिंतेचं मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणते, काळजी हा रोगच, त्याचंही एक कूळ मांड. तू म्हणायचीस, "चिंता रोग नाही. तो तुहा छंद आहे." अजून मला ते पटलेलं नाही, सांगून ठेवते.

तुझा तो गुलाबी पाण्याचा पराक्रम! परवा माझी सुधा माहेरी आली होती, तिला तिच्याच आजाराची गोष्ट पुन्हा सांगितली. ती शाळेत जायला लागली होती, अरुण चड्डीवर गल्लीभर उंडारत होता, त्या वर्षीची.

मारबतीनंतर महिना उलटला की आपल्या गल्लीत कावीळ यायची. दर वर्षी. इतकी नेमाने की घटस्थापनेच्या सुमाराला काविळीच्या माळा बांधणाऱ्या म्हाताऱ्याला आपण आधीच निरोप धाडून ठेवायचो. त्या वर्षी सुधाचे डोळे पिवळे झाले. मी तिच्या उशाशी बसून रडत होते आणि तू मात्र खोलीत येरझारा घालत होतीस.

"मारबतीनंतरच काहून येते वं हे?"

मी म्हटलं, मारबत कमी पडली असेल. सगळी ईडापीडा नेली नसेल.

"नाही. आपण तिले शिवेवर नेऊन टाकलं होतं ना? मंग वापस कोणत्या रस्त्यानं आली?"

आणि निघालीस घरोघर. कुणाकडे कावीळ आहे, कुणाकडे नाही. पाणी कुठलं पिता. कोपऱ्यावरच्या तेल्याच्या घरी विहीर होती, त्या घरात एकाचाही डोळा पिवळा नव्हता, आणि त्यांची पोरं तर दिवसभर आमच्याच पोरांत लोळत होती. उरलेली सगळी घरं नळावर पाणी भरणारी. मग मला हाताला धरून ओढत गल्लीच्या टोकाला नेलंस. तीच आपली शीव. मारबतीच्या सकाळी घरातला केर, फुटकी सुपं, झिजलेल्या केरसुण्या, पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या, सगळं टोपल्यात भरून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत आपण तिथंच नेऊन टाकत आलो. त्या ढिगाने नाला तुंबला होता, पाणी फुगून डबकं झालं होतं, आणि डबक्याच्या बरोबर खालून आपल्या नळाचा पाइप गेला होता. एकामागून एक बैलगाड्या जाऊन तिथला त्याचा सांधा ढिला झालेला. नळ चालू असला की सांध्यातून पाणी बाहेर झिरपायचं. आणि बंद असला की?

"बंद असला की पाइप पोटभर पीत असन," तू म्हणालीस. तुझे डोळे काय चमकत होते! माझं लेकरू अंथरुणावर आणि ही बाई नाल्याकाठी उभी राहून खूश, असं वाटून मला तुझा रागही आला, आणि तुझा हात सोडवेनाही.

दुपारी नळ बंद असताना तू धुळवडीचा उरलेला पक्का गुलाबी रंग पदराखाली लपवून आणलास आणि डबक्यात रिकामा केलास. मी घाबरून इकडेतिकडे बघत होते. "कोणी पाह्यलं तं मारतील आपल्याले, इंदू!"

"मारतील तं मारतील. आधी पाहू तं दे!"

संध्याकाळी नळ यायची वेळ झाली. कमलाबाई रांगेत पहिली, पितळी गुंड तोटीखाली लावून उभी. नळाने आधी हवा सोडली, फसफस केलं आणि मग गुंडात पाणी पडलं ते फिक्कट गुलाबी! "बाप्पा! मारबतीचा कोप झाला!" म्हणून कमलाबाईने गुंड टाकून दिला आणि पळत सुटली. आणि तू, शाळेतली मास्तरीण, चार बायांसमोर रस्त्यात उड्या मारायला लागलीस. "सापडला! सापडला वं विमल! सापडला!"

चोर पकडल्यावर फौजदारही एवढा नाचणार नाही. मीही नाचले मग. रडत रडत नाचले.

पुढचं सगळं तुझ्या गुणांना धरूनच झालं. गल्लीतले पुरुष जमले. मास्तरीण मारबतीवर आळ घेते, म्हणाले. तू म्हणालीस, मारबत राहू द्या, केर टाकाची जागा तेवढी बदला, पाइपाच्या पलीकडे उतारावर टाका. त्यावर एक जण खेकसला, "शीव काय तुह्या बापाची आहे हलवाले?" तू काही बोलणार तोच माझ्या सासूबाई उठल्या. उभ्या जन्मात तुझं एक वाक्य त्यांनी पटवून घेतलं नव्हतं. पण नात आजारी होती. नऊवारीचा कासोटा आवळला, नाल्यात उतरल्या, टोपलंभर केर उपसला आणि पाइपाच्या पार पलीकडे नेऊन पालथा केला. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी टाकलं तिथं शीव. आता बोला कोणाले बोलाचं ते!"

संध्याकाळपर्यंत बायकांनीच नाला मोकळा केला. पाइपही पुढे बदलून मिळाला, तोवर तू सगळ्यांना पाणी उकळायला लावलंस आणि उकळतात की नाही ते बघायला वेळीअवेळी लोकांच्या चुलीपाशी डोकावलीस. सुधा बरी झाली. पुढच्या घटस्थापनेला माळा बांधणारा म्हातारा स्वतःहून चौकशीला आला, यंदा बोलावणं कसं आलं नाही म्हणून! किती हसलो आपण, आठवतं?

तिथूनच तुझ्या डोक्यातून ती नवी रीत निघाली. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी तू ओटा झाडून सतरंजी टाकलीस आणि बायकांना बोलावलंस. म्हणालीस, "मारबतीनं तिच्यानं झालं तेवढं नेलं. आता तिनं काय मागं ठेवलं ते पाहू." पायांनी चालत येणारे रोग ती नेते, हे तू मान्य केलंस, शीव जागेवर असली तर. पण जे अंगात घर करून बसतात, जे आपणच गालात धरून ठेवतो, त्यांना ती कशी नेणार? मग तू बायकांच्या पापण्या खाली ओढून बघायचीस, आतून पांढऱ्या दिसल्या की तिच्या नवऱ्यालाच बोलावून गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजीचा हुकूम सोडायचीस, आणि फार पांढऱ्या असल्या तर सरळ दवाखान्यात धाडायचीस. पायावर बोट दाबून सूज बघायचीस. तोंडं उघडायला लावायचीस. दात घासायच्या नावाखाली बायका तंबाखूचा तो काळा गुडाखू हिरड्यांना चोळत बसतात, त्यावर तुझा डोळा. कमलाबाईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा तूच पाहिलास. तिने तुला तोंडात बोट घातलं म्हणून शिव्या दिल्या, सहा महिने तुझ्याशी अबोला धरला, आणि त्या अबोल्यातच गुडाखू सोडला. चट्टा गेला. अबोलाही गेला. तुझे आभार मानल्याचं मात्र मी ऐकलं नाही. मीही कुठे मानले? सुधा बरी झाली तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं, माहीत आहे? "आता तरी घरी जा बाई, स्वयंपाक पडलाय." एवढंच.

आणि मग तो दिवस. रामदासपेठेत एका डॉक्टरीण बाईंकडे तू शाळेतल्या पोरींना दाखवायला गेली होतीस, त्यांनी सहज तुझ्याही दंडाला पट्टा बांधला. रिक्षातून उतरलीस तीच ओरडत, "सापडला वं! माह्यातच सापडला!" मला वाटलं काय लॉटरी लागली. बाप, दादा, मधले दादा, ज्या रक्तदाबाने नेले तोच तुझ्या रक्तात दबा धरून बसलेला, ना डोकं दुखत, ना चक्कर, काही म्हणता काही नाही. मी पदर डोळ्यांना लावला. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास.

"रडतं काय वं? त्या तिघांले माहीतच नव्हतं घरात कोण शिरलं ते. मले माहीत झालं. आता मी त्याच्यावर नजर ठेवतो ना!"

ठेवलीस. अशी ठेवलीस की बघणाऱ्याने कंटाळावं. लोणचं, पापड बंद. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडून अळणी वरण खायचीस आणि वर आमच्या पानातली भजी मोजायचीस. गोळी चुकवली नाहीस. पहाटेचं फिरणं सुरू केलंस आणि मलाही झोपेतून ओढून नेऊ लागलीस. सीताबर्डीवरून पाऱ्याचं ते मशीन आणलंस, डॉक्टरीण बाईंकडे बसून शिकलीस, मग मारबतीच्या दुसऱ्या दिवशीचा ओटा आणखीच गजबजला. मलाही शिकवलंस. कोपराच्या खळग्यात नळी ठेव, फुगा दाब, पारा हळू सोड, पहिली ठकठक कुठे येते, कुठे थांबते. "एका मोजण्यावर भरवसा ठेवाचा नाही. माणूस भीतीनंबी वर जाते. बसू दे, पाणी दे, पुन्हा मोज." मी म्हणायचे, मला कशाला शिकवतेस, तू आहेस ना. तू माझ्याकडे नुसतं बघायचीस. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, बरं झालं लावला नाही.

तर काल. गल्लीत आधी वाद, की वर्षभर सण नसलेल्या घरासमोर 'घेऊन जा गे' ओरडायचं की नाही. मी म्हटलं, हा सण कुठे आहे? घरातली घाण काढायला सुतक कसलं? आणि तुझ्या दारात उभी राहून मीच ओरडले. अरुण मागे चौकटीला टेकून उभा होता, गाल फुगलेला. मारबत पुढे गेली. त्याने ना हाक दिली, ना काही टाकलं.

आज दुपारी मी तुझा ओटा झाडला. कुणाला बोलावलं नव्हतं, सतरंजी तेवढी टाकली. आणि इंदू, बायका आल्या! एकेक करत, इकडचं तिकडचं निमित्त काढत. पहिली कोण असेल? कमलाबाई! "मी तं नुसती बसाले आली," म्हणे. मी अरुणला आत हाक मारली, मशीन दे. सुट्टीवर होता. त्याने कपाटातून पेटी आणली, झाकणावरची धूळ सदऱ्याने पुसली, माझ्यापुढे ठेवली आणि निघाला.

"थांब," मी म्हटलं. "पहिला तू."

"काकू, पुन्हा तेच? आईचं काय झालं?"

आणि काय सांगू, त्या क्षणी मला शब्द सुचत गेले, जणू तूच मागून सांगत होतीस. मी विचारलं, "अरुण, तुह्या आजानं तुले मांडीवर घेतलं होतं का?"

"कसे घेतील? माह्या जन्माच्या आधीच गेले."

"थोरल्या मामानं त्याच्या पोरीचं लग्न पाह्यलं का? मधल्यानं?"

त्याने चौकटीला हात टेकला. मी सोडलं नाही.

"अन् तुह्या मायनं? तिनं तुही मॅट्रिक पाह्यली, तुहं लग्न पाह्यलं. तुह्या पोरीची वेणी गेल्या महिन्यापर्यंत कोण घालत होतं? त्या घरात कोण्या लेकरानं आजवर आजा पाह्यला होता का गा? कमलाबाई विचारते, अळणी खाऊन काय मिळालं. हे मिळालं! साठी ओलांडली तिनं! तुह्या आजोळात हे कोणाले जमलं?"

अरुण उभाच. मी त्याच्याकडे बघायचं टाळून पट्ट्याची गुंडाळी सोडत बसले. मग कमलाबाई हलली. जागची सरकून तिने अरुणसाठी जागा केली आणि त्याच्या मनगटाला धरून खाली ओढलं.

"बस गा. माह्या तं तोंडात बोट घातलं होतं तुह्या मायनं. तुहा नुसता दंड आहे. दे इकडं!"

सगळ्या बायका हसल्या. अरुणही हसला, आणि हसता हसता बसला. उठून नालीत खर्रा थुंकून आला आणि पुन्हा बसला. बाही वर केली. त्याचा दंड अगदी तुझ्यासारखा आहे, गोल, केसाळ तेवढा. मी पट्टा बांधला, नळी खळग्यात ठेवली, फुगा दाबला, पारा वर वर गेला. सोडला. आणि लगेच, अजून वरतीच, ठकठक! मला वाटलं माझीच छाती धडधडते आहे. पुन्हा एकदा सोडून पाहिलं. तेच. तुझे शब्द आठवले. त्याला पाणी दिलं, बायकांना गप्प बसवलं, काही वेळ थांबून दुसऱ्या हातावर पाहिलं. तेच, इंदू. दीडशेच्या कितीतरी वर. तोच तो, तुझ्या वडलांचा, दादांचा, तुझा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? मी कानातल्या नळ्या ओढून काढल्या आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले, "सापडला!"

बायका दचकल्या. अरुण माझ्याकडे बघतच राहिला. लहानपणी त्याने ते नळावर ऐकलं होतं, तुझ्या तोंडून. त्याचे डोळे भरले. "काकू," म्हणाला, "आईसारखी ओरडली तू." पहिल्यांदाच त्याने मला तू म्हटलं.

मी त्याला खरं खरं सांगितलं. औषध मी देत नाही, उद्या रामदासपेठेत डॉक्टरीण बाईंकडे जायचं, त्या आणखी तपासतील, गोळी लागली तर रोज घ्यायची, खर्रा आज थुंकलास तो शेवटचा. त्याने मान हलवली. सोडेल की नाही, देव जाणे, मी त्याच्या मागे लागणार आहे. नंतर राहिलेल्या सगळ्या बायकांची मोजणी केली. कमलाबाईचं उत्तम निघालं, चिडली ती, म्हणे काही तरी निघाचं होतं!

बायका गेल्यावर मी मशीन आवरत होते. दर वर्षी सगळ्यांचं झालं की तू माझा दंड ओढायचीस, "आता चिंतेचा छंद तपासू." आज तो तसाच राहिला, आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं. पेटीवर डोकं टेकून रडले. अरुण दारात होता, त्याने पाहिलं. काही न बोलता समोर मांडी घालून बसला, पेटी उघडली, पट्टा काढला, उलटासुलटा माझ्या दंडाला गुंडाळला आणि नळ्या कानात घातल्या. "कुठं ठेवाचं, काकू?" मी खळगा दाखवला. फुगा दाबला, पारा सोडला. काही नाही. पुन्हा. काही नाही. कपाळाला आठ्या घालून, तोंड अर्धवट उघडं टाकून ऐकत होता, अगदी तू ऐकायचीस तसा.

आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"काकू! ऐकू येऊन राहिलं!"